घसरगुंडीखालची विहीर

५ ऑक्टोबर, रविवार

आधी एक दुरुस्ती. चोवीस ऑगस्टच्या पानावर मी लिहिलं आहे, 'आज मैदानातली विहीर बुजवली.' हे वाक्य चूक आहे. विहीर बुजवताना मी पाहिलेली नाही. दुपारी डोकं दुखायला लागलं म्हणून मी घरी आले होते. परत गेले तेव्हा विहिरीच्या जागी लाल माती सपाट पसरलेली होती आणि मकरंददादा हात झटकत म्हणाला होता, "विहीर, डन." म्हणजे मी लिहायला हवं होतं, 'विहीर बुजवली असं मकरंददादा म्हणाला.'

पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं एका वाक्यात घालायचं नाही, हा बाबांनी मला शिकवलेला पहिला धडा. दम्यामुळे मी पाचवीपर्यंत शाळेत गेलेच नाही. बाबा प्रयोगशाळेतून घरी आले की जेवणाच्या टेबलावर माझी शाळा भरायची आणि आई पोळ्या लाटता लाटता पाढे म्हणून घ्यायची. पंचवीस वर्षांची झाले तरी ती शाळा सुटलेली नाही, असं आई म्हणते.

आज हे आठवायचं कारण आर्या. आर्या ही मकरंददादाची मुलगी, सहा वर्षांची, आमच्या वरच्या मजल्यावर राहते. ती घसरगुंडीवरून कधी नीट घसरत नाही, मधूनच बाजूला उडी मारते. झोपाळ्याजवळ उडी मारली की 'धप' वाजतं. आज तिने घसरगुंडीच्या पायथ्याशी उडी मारली तेव्हा आवाज वर आला नाही, खाली गेला. रिकाम्या पिंपावर थाप मारल्यावर जातो तसा. घसरगुंडी नेमकी विहिरीच्या जागेवर उभी आहे.

आर्याला मजा वाटली. तिने परत उडी मारली. मी तिला हाक मारून भेळ देते म्हणाले, आणि ती आली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बाबांना विचारलं. ते पेपर वाचत होते.

"बाबा, विहीर बुजवली त्या दिवशी तुम्ही शेवटपर्यंत होतात ना?"

"मकरंदने सांगितलं ना बुजवली म्हणून?"

"त्याने सांगितलं. तुम्ही पाहिलंत का?"

"माझा गुडघा दुखत होता. मी खुर्चीत बसलो होतो."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "द्या आता उत्तर! तुमचीच विद्यार्थिनी आहे. शिकवलं तुम्ही आणि भोगते मी." बाबा हसले नाहीत. टाकी भरली का पाहतो म्हणून गच्चीवर गेले. मोटार लावलेलीच नव्हती.

निवृत्त झाल्यापासून बाबा थकलेत. पूर्वी मैदानाच्या बाजूने फिरायला जायचे. आता गुडघा दुखत असूनही देवळाकडून लांबचा वळसा घेतात. डॉक्टरांना दाखवायला हवं.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी मुलं जेवायला गेल्यावर मैदानावर गेले. मला स्वतः उडी मारून पाहायचं होतं. आधी झोपाळ्याजवळ मारली: धप. मग वाळूच्या खड्ड्याजवळ: धप. मग घसरगुंडीच्या पायथ्याशी उभी राहिले आणि टाचा उचलून नुसत्या टेकवल्या. तेवढ्यानेच खालून घुमल्यासारखं झालं.

त्यानंतर मला हलता येईना. पाऊल उचललं की उरलेल्या पायावर सगळा भार येईल, एवढंच डोक्यात होतं. ऊन होतं, बुलबुल ओरडत होते, मागच्या रिंगरोडवरच्या गाड्यांचा आवाज येत होता, आणि मी दोन्ही हात पसरून उभी. आर्या कंपाउंडवरून ओरडली, "शाल्मलीअक्का, स्टॅच्यू खेळत्येस? मी ओव्हर म्हणू?"

"म्हण," मी म्हटलं.

"ओव्हर!"

मग चालता आलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज कुंपणाकडेला रोपं लावायची होती. सगळे जमले होते. आमच्या मारतहळ्ळीमागच्या या लेआउटमध्ये बागेसाठी राखलेली ही एकच जागा, आणि कित्येक वर्षं तिथे गाजरगवत, फुटके कमोड आणि भटकी कुत्री. आम्हा रहिवाशांच्या ग्रुपने दर रविवारी खपून मैदान केलं. मुलं आत्ताच खेळायला लागली आहेत. रीतसर उद्घाटन एक नोव्हेंबरला, कन्नड राज्योत्सवाच्या दिवशी, आमदार येणार. मकरंददादा नसता तर यातलं काहीच झालं नसतं, हे लिहायलाच हवं. तो पुण्याचा, बोलायला गोड, आणि एखादी गोष्ट होणार नाही हे त्याला मान्यच नसतं.

त्याला बाजूला घेऊन आवाजाबद्दल सांगितलं.

"अगं, नवीन माती आहे, सेटल होतेय. दोन पाऊस पडले की गप्प बसेल."

"पण एवढी खोल विहीर भरली कशाने? तेवढी माती आली होती का त्या दिवशी?"

"तू आधी रिलॅक्स हो. यशश्री, हिला चहा दे, साखर जास्त!"

यशश्रीवहिनीने चहा दिला. शेजारच्या इमारतीतला फत्तेसिंग फावड्यावर रेलून म्हणाला, "अपनी शाल्मली फायर अलार्म है. आग लगे ना लगे, बजती जरूर है." सगळे हसले. मीही हसले. हसायला नको होतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काम होत नाही. मीटिंगमध्ये दोनदा नाव घेतलं तरी मला कळलं नाही. खिडकी बंद ठेवली तर मुलांचा आवाज येत नाही म्हणून भीती वाटते, उघडी ठेवली तर येतो म्हणून. आवाज मध्येच थांबला की मी उठून पाहते.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज जे कळलं ते जसं ऐकलं तसंच लिहिते.

आज नीरु तुंबो हब्ब. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी इथे घरोघर पाण्याची भांडी घासून, भरून त्यांची पूजा करतात. आमच्याकडे आई गीझरलाच हळदकुंकू लावते आणि बाबा दरवर्षी म्हणतात, शॉक बसेल. आज म्हणाले नाहीत.

दिवेलागणीला मैदानावरून येत होते. घसरगुंडीच्या पायथ्याशी, मातीवर, हळदकुंकू वाहिलेलं होतं. शेवंतीची फुलं, विड्याचं पान, आणि एक निरांजन जळत होतं. गुडघ्यावर हात ठेवून अहल्याअक्का उठत होत्या. अक्का इथल्या जुन्या मराठी घरातल्या. हे सगळं एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांचं पेरूचं तोट होतं, आणि विहीर त्या बागेची.

"अक्का, इथं कोणाची पूजा?"

"गंगम्माची की. माझी सासू इथंच करत होती. मी पण करते."

"पण विहीर तर बुजवली ना?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "बुजवली म्हणून कोण सांगितलं तुला? जिवंत पाणी आहे ते. जिवंत पाण्यात माती टाकतेत का कोण? कुळाला लागतं. त्या दिवशी जेसीबीवाला पण हात जोडला, पहिली माती मी टाकणार नाही म्हणाला. मग हा म्हणतो तो टाकू दे, तो म्हणतो हा टाकू दे. तुमची पुण्याची माणसं पण. मोठं मोठं इंग्लिश बोलतेत, पण घमेलं कोण उचललं नाही."

"मग?"

"मग झाकली. आमच्या जुन्या गोठ्याच्या दगडी फळ्या पडल्या होत्या ना, त्या आडव्या टाकल्या. वर माती. त्यातली एक फळी स्वल्प चिरलेली होती, मी दाखवली की. पण शिकलेल्या माणसानं बघून सांगितलं, राहील म्हणून. मग आम्ही काय बोलायचं?"

"कोणी सांगितलं, अक्का?"

त्यांनी निरांजनाला हाताचा आडोसा केला. वारा नव्हता. "सणाचा दिवस आहे, मगू, पोरी. घरी जा. आई वाट बघत असेल."

शिकलेला माणूस म्हणजे मकरंददादाच. पण तो सॉफ्टवेअरमधला. दगडातलं त्याला काय कळतं?

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ग्रॅनाइट भार चांगला घेतो."

"चिरलेला असला तरी?"

"चीर कशी आहे त्यावर आहे."

मला धीर यावा म्हणून ते असं बोलतात.

२० ऑक्टोबर, सोमवार

अभ्यंगस्नान, फराळ, फटाके. दुपारी घसरगुंडीभोवती दोरी बांधली आणि पुठ्ठ्यावर पाटी लिहिली. आधी 'दुरुस्ती चालू आहे' असं लिहिणार होते, पण दुरुस्ती चालू नाही. म्हणून 'घसरगुंडी वापरू नये' असं तीन भाषांत लिहिलं. कन्नड अक्षर वाकडं आलं.

संध्याकाळी दोरीवर मुली उड्या मारत होत्या आणि पाटी क्रिकेटचा स्टंप झाली होती.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. चिवड्याचा डबा घेऊन वर मकरंददादाकडे गेले. आर्या आत टीव्ही बघत होती. मी अक्कांचं बोलणं सांगितलं. त्याने नाकारलं नाही, याचंच मला जास्त भय वाटलं.

"झाकली काय आणि बुजवली काय," तो म्हणाला, "वरून रोलर फिरवला आपण. काही झालं? आणि मी काय वेडा आहे का? माझी मुलगी खेळते तिथे. एक्सपर्टला विचारूनच केलंय."

"कोण एक्सपर्ट?"

"आहेत एक सीनियर. नाव घेऊ नको म्हणालेत." मग थोडं थांबून म्हणाला, "तू काकांशी बोललीस का?"

"बाबांना सगळं सांगितलंय."

"मग? काय म्हणाले?"

"ग्रॅनाइट भार चांगला घेतो म्हणाले."

"झालं तर मग!" त्याने चकली मोडली. नंतर आवाज खाली आणला. "शाल्मली, नीट ऐक. 'विहीर' हा शब्द एकदा बाहेर गेला ना, की पालिकेचे ऑफिसवाले येऊन गेटला कुलूप घालतील. ते काढायला किती वर्षं लागतील सांग. त्या कुलपाआड परत कचरा. नाहीतर कोणीतरी पार्किंग करून टाकेल, टपूनच बसलेत. एक तारीख होऊ दे. मग घसरगुंडी हलवू, प्रॉमिस. फक्त एक तारीख."

तो खोटं बोलत नव्हता. कुलपाबद्दल तो म्हणतो ते खरं आहे. समोरच्या पत्र्याच्या चाळीतली मुलं पूर्वी रस्त्यावर टँकरांच्या मधे खेळायची. आता ती झोपाळ्यासाठी रांग लावतात. माझ्या एका वाक्याने ती परत रस्त्यावर जातील. हे मी जिना उतरताना मनात म्हणून पाहिलं. मग दुसरं वाक्य म्हणून पाहिलं, ज्यात फळी मोडते. ते पूर्ण म्हणता आलं नाही.

निनावी पत्र पाठवण्याचा विचार आला. नाव न घालता खरं सांगितलं तर ते अर्धंच खरं होतं, असं मला वाटतं. किंवा मी भित्री आहे आणि पत्रच पाठवायला नको म्हणून कारणं शोधते आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दुपारपासून पाऊस. भाऊबिजेला माझा भाऊ मल्हारदादा येणार होता, तो एचएसआरला ट्रॅफिकमध्ये अडकला आणि आलाच नाही. आज सकाळी उघडल्यावर मैदानावर गेले.

सगळीकडे पाणी साचलं होतं. झोपाळ्याखाली, गेटपाशी, वाळूच्या खड्ड्यात तर तळं. फक्त घसरगुंडीच्या पायथ्याशी पाणी नव्हतं. तिथे माती किंचित खोलगट झाली आहे, ताटासारखी, म्हणजे पाणी तिथेच आधी साचायला हवं. मी बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं. ते क्षणभर थांबलं, मग मधल्या एका बोटाएवढ्या भोकाकडे गेलं आणि दिसेनासं झालं. मी कान लावला नाही. लावायला हवा होता. गुडघे टेकायचं धाडस झालं नाही.

घरी आले तर बाबा दारातच उभे. "पाणी साचलंय का तिकडे?"

"सगळीकडे आहे. तिथेच नाही."

त्यांनी दाराची चौकट धरली. आई म्हणाली, "बीपीची गोळी घेतलीत का?" ते "हो" म्हणाले. गोळी टेबलावर तशीच होती, मी पाहिली.

२६ ऑक्टोबर, रविवार

खोलगट जागा बुजली. मी पोचायच्या आत फत्तेसिंगने आणि आणखी दोघांनी लाल माती टाकून, चोपून, वर हिरवं कृत्रिम गवत अंथरलं. आता मैदानातली सगळ्यात सुंदर जागा तीच दिसते. यशश्रीवहिनी म्हणाली, "फोटो काय छान येतील इथे!" मुलांचा नाच तिथेच होणार आहे, कारण मागे घसरगुंडीचा रंग चांगला दिसतो. आर्या फुलपाखरू आहे. बाकीची मुलंही फुलपाखरं, मधमाश्या आणि एक वाघ.

ग्रुपवर मी लिहिलं, 'घसरगुंडीपाशी नाच नको, जमीन पोकळ आहे असं मला वाटतं.' उत्तरात तीन अंगठे, एक हसरा चेहरा, आणि कोणीतरी आगीच्या बंबाचं चित्र टाकलं.

'असं मला वाटतं' हे शब्द मी का घातले? अक्कांनी सांगितलं होतं. पाणी जाताना मी पाहिलं होतं. वाटण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

अक्कांच्या घरी गेले. सगळ्यांसमोर एकदा सांगाल का, असं विचारलं. त्या लसूण सोलत होत्या. "मी सांगते. पण त्या माणसाचं नाव मला विचारायचं नाही कोणी. चांगला माणूस आहे. त्या दिवशी सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे होते, तो तरी काय करणार? एवढा मोठा सायंटिस्ट म्हणून बोलवलं, आणि नाही माहीत म्हणून कसं सांगायचं?"

मकरंददादाला अक्का सायंटिस्ट म्हणतात. संगणकवाले सगळे त्यांना सारखेच.

२९ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी आर्या खाली आली, पाठीवर कागदाचे पंख. उद्या चार वाजता मैदानावर तालीम आहे. "सगळ्यांनी एकदम उडी मारायची आहे, अक्का! म्यूझिक थांबलं की सगळे वरून खाली, धडाम!" तिने आमच्या दिवाणखान्यात करून दाखवलं. कपाटातल्या बश्या वाजल्या. बाबा पेपरमागे होते. पेपर खाली आला.

"किती मुलं आहेत गं नाचात?" त्यांनी विचारलं.

"खूप!" आर्या म्हणाली आणि पंख सांभाळत वर पळाली.

बाबांनी पेपरची घडी घातली. मग मीच बोलले. म्हटलं, "बाबा, मी खणणार आहे. घसरगुंडीच्या पायथ्याशी, सगळ्यांना बोलावून. दगड उघडा पडला की 'सेटल होतेय' म्हणता येणार नाही. अक्का सांगायला तयार आहेत. मग कुलूप लागलं तर लागलं. काढायला मीही जाईन ऑफिसात, रोज जाईन."

आई म्हणाली, "अगं बाई, लोक काय म्हणतील? उद्घाटन तोंडावर आलंय." मग बाबांकडे पाहून म्हणाली, "तुम्ही सांगा ना तिला काहीतरी."

बाबा उठले. "कुदळीने होणार नाही," ते म्हणाले. "पहार लागेल. आणि पायथ्याशी उभं राहून खणू नकोस. झोपाळ्याच्या अंगाने ये. तिकडची फळी धड आहे."

आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. बाबा खाली वाकून चपला शोधायला लागले. कोचाखाली पाहिलं, दारामागे पाहिलं. त्या त्यांच्या पायातच होत्या. मी तसं सांगितलं तेव्हा म्हणाले, "हो का?" आणि परत बसले. मग म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर. मला येऊ दे."

मी हो म्हटलं. मला खूप भीती वाटते आहे, आणि ती आता फक्त विहिरीची नाही.

ग्रुपवर आत्ता लिहून टाकलं, नावानिशी, काही न जोडता: 'मैदानातली विहीर बुजवलेली नाही, दगडी फळ्यांनी झाकलेली आहे, आणि एक फळी चिरलेली आहे. उद्या सकाळी मी ती उघडून दाखवणार आहे. कृपया मुलांना आणू नका.' पहिला फोन मकरंददादाचा आला. उचलला नाही. तो म्हणेल, निदान शुक्रवारपर्यंत थांब, मांडववाल्यांशी बोलू, आमदारांच्या माणसाशी बोलू, सगळं नीट करू. शुक्रवार मला आवडला असता. पण तालीम त्याच्या आधी आहे.

उद्या. गुरुवार, तीस ऑक्टोबर, सकाळी, मुलं उठायच्या आत.